घराण्याचा कान

बशीतला तो ठिपका मोहरीपेक्षा जरा मोठा आणि साबुदाण्यापेक्षा जरा लहान होता. रंग पाणी घातलेल्या दुधासारखा. त्याच्या तळाशी केसाहून बारीक तारांची जाळी होती आणि तिच्यातून येणारी नोंद शेजारच्या पडद्यावर उमटत होती. यंत्रानं एक हलका विद्युतस्पंद दिला की पडद्यावरची रेघ उसळी घ्यायची. मग तिनं लगेच खाली यायला हवं होतं. ती येत नव्हती. थरथरत, रेंगाळत उतरायची आणि पुरती उतरायच्या आत पुढचा स्पंद तिच्यावर येऊन आदळायचा.

"हे मिसबाचं," डॉ. हेरवाडे म्हणाल्या. "म्हणजे मिसबा नव्हे. तिच्या रक्तातल्या पेशींपासून वाढवलेली मेंदूची ऊती. तिला काही कळत नाही, काही दुखत नाही."

मी मिरजेत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. चेतापेशीची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढू शकते. पण स्वतःच्या मुलीच्या चेतापेशी समोर पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की ही बशी झाकावी. गार लागत असेल.

शेजारी आणखी दोन बश्या होत्या. एक माझ्या पेशींची, एक माझ्या नवऱ्याच्या, इलाहींच्या. आई-वडिलांच्या ऊती तुलनेसाठी वाढवतात. तपासणी बालकाचीच असते, पण बालकात जे वेगळं आहे ते कुठून आलं हे कळायला तिन्ही लागतात.

मिसबा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला थोडेच शब्द येत, आणि तेही ती मनात आलं तरच वापरायची. मिक्सर, कुकरची शिट्टी, शेजारच्या गल्लीतला लाउडस्पीकर, वर्गातली बाकं सरकवण्याचा आवाज, यातलं काहीही झालं की ती उजव्या हाताचं मनगट चावायची. तिथली कातडी जाड आणि काळपट झाली होती. झोप तुकड्यातुकड्यांनी यायची. कधी मधेच अंग ताठ व्हायचं. शाळा बंद झाली होती. हळूहळू लग्नकार्यं, बाजार, माहेर, सगळंच बंद होत गेलं होतं.

ती पूर्ण शांत होई अशी जागा एकच, आमचा कारखाना. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात. माझे मोठे दीर दस्तगीरभाई भोपळे निवडतात, गिऱ्हाइकं सांभाळतात. इलाही एकच काम करतात: जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं इतका हलका घासायचा की तार तिला धड टेकूही नये आणि धड सुटूही नये. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत जायचं. एका जागी ती तार एकदम उघडते, एका सुरातून दहा सूर निघाल्यासारखे होतात. ती जागा शोधण्यात इलाहींचा हात धरणारं कोणी नाही. मिसबा तासन्‌तास भोपळ्याला गाल लावून बसायची आणि वडील तार छेडत राहायचे.

या कामामुळेच आमच्या घरात एक चूक झाली, जी दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. मिसबा पाळण्यात असताना भांडं पडलं की निळी होईस्तोवर रडायची आणि तंबोरा छेडला की गप्प व्हायची. सासूबाईंनी, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. "कान आला गं पोरीत! घराण्याचा कान!" इलाहीही लहानपणी असेच होते म्हणे. फटाके वाजले की धान्याच्या कणगीमागे लपायचे. मोठेपणी पाहुणे आले की कारखान्यात जाऊन बसायचे, जेवायला सगळे उठल्यावर यायचे. माझ्याशी लग्न झालं तेव्हा वरात पुढे आणि नवरदेव मागच्या गल्लीत, असा प्रकार झाला होता. सगळे कौतुकानं हसले होते. कानाचा माणूस आहे, असंच असणार! त्यामुळे मिसबाला काही त्रास असेल हे आमच्या घरात कोणाच्या मनात यायलाच फार उशीर लागला.

*

त्या भेटीनंतर थोड्या दिवसांनी डॉ. हेरवाडेंचा फोन आला. आवाज ओशाळलेला होता.

"सफियाताई, माफ करा. प्रयोगशाळेत बश्यांच्या नावांत घोटाळा झालेला दिसतो. तुमच्या मिस्टरांच्या नावाची बशी मिसबासारखी वागतेय. दोघांचं रक्त परत द्यावं लागेल."

दस्तगीरभाईंना हे कळलं तेव्हा त्यांना फारच आनंद झाला. "एवढं मोठं काचेचं हॉस्पिटल, आणि नावं घालायला येईनात? आमच्याकडं बघा म्हणावं. भोपळ्यावर खडूनं नाव घालतो. आजवर एकाचा भोपळा दुसऱ्याला गेला नाही."

"गेला होता," अम्मा आतून म्हणाल्या. "धारवाडच्या गवयाचा तंबोरा कराडला गेला होता."

"अम्मा, तो भोपळा नव्हता. ते पार्सल होतं."

रक्त पुन्हा दिलं. ऊती पुन्हा वाढल्या. घोटाळा झालेलाच नव्हता.

डॉ. हेरवाडेंनी आम्हाला समोर बसवलं आणि कागदावर पेशीचं चित्र काढलं. चेतापेशीच्या पडद्यात बारीक दारं असतात. दार उघडतं, भारित कण आत शिरतात, संदेश पुढे जातो, दार मिटतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी. अशा एका दाराचा आराखडा ज्या जनुकात आहे, त्यात मिसबाच्या बाबतीत एका अक्षराचा बदल होता. दार बनत होतं, उघडत होतं, फक्त मिटायला उशीर करत होतं. म्हणून प्रत्येक संदेशाला शेपूट राहत होतं.

"स्वमग्नतेचं एकच कारण नसतं," त्या म्हणाल्या. "शेकडो जनुकं आहेत. बऱ्याच मुलांत आम्हाला अजूनही काही सापडत नाही. मिसबाच्या बाबतीत सापडलं, कारण ते एकटं आणि मोठं आहे. आणि तोच बदल, तेच अक्षर, इलाहीभाई, तुमच्यातही आहे."

"मग हे कारागीर आणि ती शाळेत बसू शकत नाही, असं का?" मी विचारलं.

"बाकीची जनुकं. तुमच्याकडून आलेली अर्धी, आणि वाढताना जे जे घडलं ते. प्रामाणिकपणे सांगायचं तर यातलं आम्हाला थोडंच कळलंय."

इलाही चित्राकडे बघत होते. डॉक्टरांनी शेपूट म्हणून काढलेल्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे सगळ्यांना नसतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पंखा बंद केला, तरी तो चालू असतो. तो थांबायच्या आत कोण तरी बोलतं. मग पंखा आणि ते, दोन्ही. मग खुर्ची." ते माझ्याकडे वळले. "तुला नसतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. इतकी वर्षं मी ज्यांच्या शेजारी राहिले, ते जेवणाच्या ताटावरून का उठून जात होते, ते मला एका रेघेनं सांगितलं होतं. आणि मिसबाला जे कधीच सांगता आलं नसतं, ते तिच्या वतीनं सांगणारा माणूस माझ्याच घरात होता. त्या क्षणी मला दुःख झालं असं मी म्हणणार नाही. मनात होतं ते कृतज्ञतेच्या जवळचं काहीतरी होतं.

*

औषध होतं. बिघडलेल्या जनुकाची आज्ञा पेशीत एका तात्पुरत्या प्रतीवरून वाचली जाते. औषध म्हणजे त्या प्रतीला नेमकं चिकटणारा एक छोटा रासायनिक धागा. चिकटला की प्रत वाचता येत नाही, उशिरा मिटणारी दारं कमी बनतात, दुसऱ्या पालकाकडून आलेल्या चांगल्या जनुकाची दारं काम चालवतात. पाठीच्या कण्यातून एकदा दिलं की साधारण एक ऋतू पुरतं, मग पेशी ते मोडून टाकते. बशीत ते घातल्यावर मिसबाच्या ठिपक्याची रेघ सरळ उठली आणि सरळ खाली आली. मी ती पुन्हा पुन्हा बघितली.

अट एक होती. मेंदूची जोडणी पक्की होण्याआधी, म्हणजे मूल वयात येण्याआधी सुरुवात झाली तरच फायदा मोठा. आणि नियम एक होता. नव्या कायद्यानं अशा औषधाला सही पुरत नव्हती. न वाचता केलेल्या सह्यांचे फार गोंधळ झाले होते, म्हणून आता आई आणि वडील, दोघांनी कॅमेऱ्यासमोर बसून आपलं म्हणणं स्वतःच्या तोंडानं, कारणासह सांगावं लागायचं.

मी त्याच आठवड्यात जाऊन सांगून आले. "मी सफिया शिकलगार, मिसबाची आई. तिला झोप मिळावी, तिनं स्वतःला चावू नये. माझं हो आहे."

इलाही कॅमेऱ्यासमोर बसले. घोडीवरची धूळ झटकावी तसं गुडघा झटकत राहिले. मग म्हणाले, "आधी मला द्या."

"म्हणजे?" डॉ. हेरवाडे.

"तिला सांगता येणार नाही काय झालं ते. मला येईल. मला द्या, मग बघतो."

प्रौढांसाठी औषधाला परवानगी होतीच. डॉक्टरांनी चार तपासण्या केल्या आणि दिलं.

*

फरक हळूहळू पडला. आधी झोप आली. ते इतके गाढ झोपायला लागले की अम्मा येऊन श्वास चालू आहे का बघून जायच्या. मग दस्तगीरभाईंच्या मुलीचं, सुलतानाचं लग्न आलं. हॉलमध्ये डीजे, पोरांचा गलका, भांड्यांचा आवाज. इलाही माझ्या शेजारी पंगतीत बसले आणि त्यांनी बिर्याणी दुसऱ्यांदा मागून घेतली.

"लोक एवढं बोलतात?" ते मला हळूच म्हणाले.

"नेहमीच बोलतात."

"आणि एवढं बिनकामाचं?"

मी इतकी हसले की समोरच्या बायका बघायला लागल्या. आमच्या संसारात आम्ही लग्नात शेजारी बसून जेवण्याची ती पहिलीच वेळ. मिसबा त्या वेळी घरी अम्मांबरोबर, बंद खोलीत होती. पुढच्या लग्नात तीही मधे बसेल, असं मला तेव्हा अगदी स्पष्ट दिसलं.

पण आठवड्याभरानं दस्तगीरभाई एक तंबोरा घेऊन आमच्या खोलीत आले. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला, छेडला. मला नेहमीसारखाच वाटला.

"तुला कळणार नाही. मुका आहे," ते म्हणाले. "आजपातुर ह्याच्या हातनं असा तंबोरा गेला नाही. गिऱ्हाइकानं परत पाठवलाय. काय झालंय ह्याला?"

मी कारखान्यात गेले. इलाही घोडीवर धागा सरकवत होते. पुढे, मागे, परत पुढे.

"तार वाजते," ते म्हणाले. "उघडत नाही. मी जागा चुकत नाही, सफिया. जागाच नाही."

मिसबा भोपळ्याला गाल लावून बसली होती. तिनं हात लांब करून वडिलांच्या बोटाखालचा धागा थोडा मागे सरकवला. तार उघडली असावी, कारण तिनं डोळे मिटले. इलाही तिच्याकडे बघत राहिले. त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं.

"त्या शेपटातच असतं बहुतेक," ते मला म्हणाले. "जे मी ऐकायचो ते."

"मग तुम्हाला वाईट वाटतंय?"

"झोप लागते, त्याचं फार बरं वाटतं. हे गेलं, त्याचं वाईट वाटतं. दोन्ही आहे. तिला कुठलं हवं असेल?"

मी म्हणाले, "तिचं मनगट बघा." माझा आवाज चढला होता. मिसबाचा हात तोंडाकडे गेला, तशी मी बाहेर आले.

*

ऋतू उलटला आणि औषध उतरलं. एके दिवशी सकाळी कुकरची शिट्टी झाली तेव्हा इलाही ताटावरून उठले. दुपारी कारखान्यातून तंबोरा ऐकू आला. तो उघडा आहे हे कळायला मला कान लागला नाही, दस्तगीरभाईंनी रस्त्यावरूनच "आला रे आला!" अशी आरोळी ठोकली होती.

मला वाटलं आता ते नाही म्हणतील. उत्तरासाठी मी मागे लागले. दूध घालताना, कपडे वाळत घालताना. "हो की नाही, एवढंच सांगा. पोरगी मोठी होत चाललीय." दस्तगीरभाई मधे पडले, "अगं, त्याला ऐकू तरी दे!" मी म्हणाले, "भाईजान, तंबोरा दुरुस्त झाला म्हणून तुमचं भागलं. माझ्या पोरीचं काय?" ते गेले आणि बरेच दिवस आमच्या खोलीकडे आले नाहीत.

एके दिवशी इलाही एकटेच डॉ. हेरवाडेंकडे जाऊन आले. एवढ्या गर्दीच्या हॉस्पिटलात, एकटे. नंतर डॉक्टरांनीच मला सांगितलं. ते म्हणाले होते, "धागा थोडा सरकवला तर? सगळा आत नाही, सगळा बाहेर नाही. तुमच्या बशीत थोडंच औषध घालून बघता येईल?"

"आम्ही पूर्ण मात्रेचाच विचार करत होतो, कारण रेघ त्यानं स्वच्छ होत होती," डॉक्टर म्हणाल्या. "कमी मात्रा बशीत घालून बघितली ती त्यांनी विचारल्यावर." त्यांनी मला नवी नोंद दाखवली. पाव मात्रेला मधेच उठणारे उद्रेक, ज्यांच्यामुळे मिसबाची झोप मोडत होती आणि अंग ताठ होत होतं, ते थांबले होते. स्पंदाचं शेपूट आखूड झालं होतं, पण होतं.

इलाहींनी पाव मात्रा आधी स्वतः घेतली. आणखी एक ऋतू. मी या वेळी काही विचारलं नाही. ते झोपत होते. पंगतीत अर्ध्यापर्यंत बसत होते. आणि एका संध्याकाळी कारखान्यातून त्यांची हाक आली. मी गेले. मिसबा भोपळ्याला गाल लावून होती. तिनं धागा सरकवला आणि थांबली. इलाहींनी तार छेडली, तेही थांबले.

"थोडं लांबून येतं," ते म्हणाले. "पण येतं. तीच जागा."

*

आम्ही तिघं कॅमेऱ्याच्या खोलीत गेलो तेव्हा मिसबाला सोबत हवा म्हणून इलाहींनी एक अर्धवट तासलेला भोपळा घेतला होता. रिक्षावाल्यानं विचारलं, "भाजी कुठं मिळाली एवढी मोठी?" तर इलाही हसले आणि चक्क म्हणाले, "सोलापूरकडची आहे. खायची नसते." ते अनोळखी माणसाशी आपणहून बोलले, हे मी नीट लक्षात ठेवलं.

खोलीत डॉ. हेरवाडे होत्या. त्यांनी आधी मिसबाला टॅबलेटवर चित्रं दाखवली: सुई, झोपलेली मुलगी, तंबोरा. ती बराच वेळ बघत राहिली. सुईचं चित्र तिनं बोटानं बाहेर ढकललं. मग झोपलेल्या मुलीवर बोट ठेवलं. मग तंबोऱ्यावर. डॉक्टरांनी सुई परत आणून त्या दोघांच्या मधे ठेवली. या वेळी तिनं ती ढकलली नाही.

"हे पुरेसं नाही, मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण विचारणं आपलं काम आहे. दर ऋतूला विचारू."

मग त्यांनी कॅमेरा सुरू केला. इलाहींनी भिंतीवरच्या वातानुकूलन यंत्राकडे बघितलं. डॉक्टरांनी ते बंद केलं आणि आम्ही सगळे थांबलो. ते त्यांच्या कानातूनही बंद होईपर्यंत. घाई कोणालाच नव्हती. त्या शांततेत मला डॉक्टरांचे, त्या मोहरीएवढ्या ठिपक्यांचे, कधीही न भेटलेल्या कोणा रसायनतज्ज्ञांचे आणि बाजूला बसलेल्या या माणसाचे इतके आभार मानायचे होते की कोणापासून सुरुवात करावी ते कळेना.

मिसबानं भोपळ्यावर गाल टेकवला. तिच्या मनगटावरची ती काळपट कातडी माझ्यासमोर होती.

इलाहींनी कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघत, एकेका शब्दानंतर थांबत ते बोलले.

"मी इलाही शिकलगार. मिसबाचा बाप. मी दोन्हीकडनं ऐकून आलोय. पूर्ण औषधात झोप आहे, सूर नाही. औषध नसलं की सूर आहे, झोप नाही. मला बोलता येत होतं, मला कारखाना होता, मी निभावलं. तिनं निभावत बसायची गरज नाही. पाव द्या. त्याहून जास्त नको. मोठी झाल्यावर ती नको म्हणाली, तर त्या दिवशी थांबवा. जास्त हवं म्हणाली, तर द्या." ते थांबले. मिसबाचा हात तोंडाकडे गेला नव्हता. "माझं हो आहे."